बोकड जिवंत द्यावा, खाटकाकडे नावानिशी द्यावा, की लेबल लावून पॅक करावा?

तळकोकणात वीस-पंचवीस शेळ्या पाळणाऱ्याला बोकड विकायच्या तीन वाटा आहेत. गोठ्यावर आलेल्या व्यापाऱ्याला जिवंत द्यायचा. नाहीतर तालुक्याच्या खाटकाशी बोली करून "अमुक गावचं गावठी मटण" अशा नावाने विकायचा. किंवा कापून, पॅक करून, मूळस्थानाचं लेबल लावून होमस्टेवाल्यांना आणि मुंबईच्या चाकरमान्यांना पोचवायचा. तिसऱ्या वाटेची सध्या खूप चर्चा आहे, कारण पेटीवर कोकणचं नाव आलं की हापूसचा भाव चढतो हे सगळ्यांनी पाहिलंय. पण आंबा झाडावरून उतरून थेट पेटीत जातो. बोकड आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कत्तल, तपासणी, थंडावा आणि वाहतूक येते, आणि यातल्या प्रत्येक टप्प्यावर दोन गावांचा माल एकमेकांत मिसळू शकतो.

आमचा कौल आधीच सांगतो. पहिल्या वाटेवर वजनकाटा आणा. दुसरी वाट याच हंगामात धरा. तिसरीला गट जमल्याशिवाय हात घालू नका.

लेबल सक्तीचं झालं तेव्हा पाळणाऱ्याला काय मिळालं

अमेरिकेचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. तिथे २००२ च्या शेती कायद्यात मांसावर मूळ देश लिहिण्याची तरतूद आली आणि ३० सप्टेंबर २००८ पासून अंमल सुरू झाला. २०१३ मध्ये नियम आणखी कडक झाले: जनावर जन्मलं कुठे, वाढलं कुठे, कापलं कुठे, हे तिन्ही वेगवेगळं लिहायचं. देशी पशुपालकांना वाटलं, आता आपल्या जनावराला जादा भाव मिळेल. प्रत्यक्षात कत्तलखान्यांना कॅनडात जन्मलेली जनावरं वेगळ्या कोंडवाड्यात ठेवणं, वेगळ्या वेळी कापणं आणि वेगळे कागद राखणं भाग पडलं. तो खर्च त्यांनी त्या जनावरांच्या भावातून कापून घेतला. काही कारखाने अशी जनावरं ठरावीक दिवशीच घेऊ लागले. कॅनडा आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि जिंकले. डिसेंबर २०१५ मध्ये दोघांना मिळून अमेरिकी मालावर वर्षाला एक अब्ज डॉलरहून जास्त रकमेचे प्रतिशुल्क, म्हणजे बदल्यादाखल आयात कर, लावायची परवानगी मिळाली. त्याच महिन्यात अमेरिकेने गोमांस आणि डुकराचं मांस त्या कायद्यातून काढून टाकलं. बकरी, मेंढी आणि कोंबडी मात्र अजून यादीत आहेत. १ जानेवारी २०२६ पासून तिथे "अमेरिकेचं उत्पादन" असं लिहिणं ऐच्छिक आहे, पण लिहायचं तर जन्म, संगोपन, कत्तल आणि प्रक्रिया चारही अमेरिकेतच झालेली हवीत.

यातून आपण दोन गोष्टी उचलायच्या. लेबल छापायला पैसे लागत नाहीत, माल वेगळा ठेवायला लागतात, आणि ते पैसे साखळीतल्या सगळ्यात कमी जोर असलेल्याच्या खिशातून जातात. दुसरं म्हणजे, त्या कायद्यातून खाटकाची दुकानं आणि उपाहारगृहं पहिल्यापासून वगळलेली होती. आपल्याकडे मटण विकलं जातं ते नेमकं याच दोन ठिकाणी. म्हणजे तसाच कायदा उद्या इथे आला तरी कुडाळच्या किंवा राजापूरच्या बाजारात फारसं काही हलणार नाही.

युरोपाने मॅड काऊ रोगानंतर गोमांसापासून सुरुवात केली. १ एप्रिल २०१५ पासून डुक्कर, मेंढी, बकरी आणि कोंबडीच्या पॅक केलेल्या मांसावरही "कुठे वाढवलं" आणि "कुठे कापलं" हे लिहावं लागतं. बकरीसाठी त्यांची व्याख्या अशी: कापण्यापूर्वीचे निदान शेवटचे सहा महिने जिथे गेले, तो वाढवल्याचा देश. सहा महिन्यांच्या आत कापलं, तर सगळी वाढ जिथे झाली तो देश. ही व्याख्या लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

भारतात मूळ देश लिहायची सक्ती आहे ती आयात मालावर. देशातल्या मटणावर जिल्हा लिहा, तालुका लिहा, असं कुठलाही कायदा सांगत नाही. तुम्ही आपणहून लिहू शकता, पण लिहिलंत की ते खरं असल्याचं दाखवण्याची जबाबदारी तुमची.

तिन्ही वाटांचा हिशोब

पुढचे भाव हिशोबापुरते धरलेत, तुमच्या बाजाराचे घालून पाहा. बोकड २५ किलो जिवंत वजनाचा. सोललेलं मटण ४७ टक्के, म्हणजे पावणेबारा किलो.

*व्यापाऱ्याला जिवंत.* किलोला ३५० धरले तर ८,७५० रुपये हातात, त्याच दिवशी आणि रोख. खर्च नाही, जोखीम नाही. खरं नुकसान इथे वेगळंच होतं: कोकणात अजून बहुतेक सौदे नगावर, डोळ्याच्या अंदाजाने होतात. व्यापाऱ्याचा हात पाठीवर रोज पन्नास बोकडांवरून फिरतो, तुमचा वर्षातून पंचवीसवर. अंदाज दोन किलोने चुकला की ७०० रुपये गेले. लटकता डिजिटल काटा आणि पोटाखालून घालायचा जाड कापडी झोळ एवढ्यावर हे थांबतं. वजन सकाळी, चरायला सोडण्याआधी आणि व्यापाऱ्यासमोर करा. भरल्या पोटाच्या वजनावर तो हुज्जत घालणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

*खाटकाकडे नावानिशी.* खाटकाने नेहमीच्या ७६० ऐवजी ८०० ने विकलं, तर पावणेबारा किलोवर ४७० रुपये जादा येतात. निम्मे तुमचे ठरवले तर बोकडामागे २३५. रक्कम लहान वाटते, पण जादा खर्च जवळजवळ शून्य आहे आणि न खपलेल्या मटणाची चिंता तुमच्यावर नाही. शिवाय गिऱ्हाईक तिथे आधीच तयार आहे. गौरीच्या तिखट्या सणाला, जत्रेला, राखणीला सागुती करायची तर माणूस घाटावरचा बोकड की इथला, हे विचारूनच घेतो.

बोलीत तीन गोष्टी पक्क्या हव्यात. पैसे सोललेल्या वजनावर, आणि वजन करताना तुमचा माणूस हजर. तुमचा बोकड असेल त्याच दिवशी फळ्यावर तुमच्या गावाचं नाव, दुसऱ्या दिवशी पुसायचं. आणि ओळख क्रमांकाचा बिल्ला असलेला कान मटण संपेपर्यंत दुकानात टांगलेला. शेवटच्या दोन्ही गोष्टी फार महत्त्वाच्या. फळा कायमचा राहिला की खाटीक नकळतही त्याखाली घाटावरचा बोकड विकतो, आणि दोन महिन्यांत गावाच्या नावाला किंमत उरत नाही.

*लेबल लावून पॅक.* कापताना आणि पाणी सुटून साधारण तीन टक्के घट, म्हणजे ११.४ किलो. किलोला १,००० मिळाले तर ११,४००. मुंडी, पाय, वजडी गावातच विकून ५००. आता खर्च: कत्तल आणि तुकडे ५००, पिशवी, लेबल, बर्फ किलोला ४५ प्रमाणे ५१३, मुंबईपर्यंत पोचवणं किलोला ८० प्रमाणे ९१२. हातात ९,९७५ उरतात. जिवंत विक्रीपेक्षा १,२२५ जास्त. पण सव्वा किलो मटण खपलं नाही की हा सगळा फायदा गेला, आणि आणखी एक किलो राहिलं की तुम्ही व्यापाऱ्यापेक्षा खाली. यात फ्रीजरची वीज आणि तुमची मजुरी अजून धरलेलीच नाही.

माल कुठे बिघडतो तेही पाहू. बोकडाचं धड लहान, अंगावर चरबी कमी. कापल्यावर पहिल्या दहा तासांत ते १० अंशांखाली नेलं तर स्नायू आकसतात आणि मटण चामट होतं. घाईने थेट फ्रीजरात टाकणाऱ्यांचं गिऱ्हाईक याच कारणाने परत येत नाही. उलट कोकणातल्या ३० अंशांत उघडं टांगून ठेवलं तर जंतू वाढतात. म्हणजे आधी १२-१५ अंशांची खोली, मग ० ते ४ अंश, आणि साठवायचं तर उणे १८. पावसाळ्यात वीज तासन् तास जाते तिथे जनरेटरशिवाय हे जमत नाही.

कागदपत्रांचंही पाहा. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत दिवसाला १० लहान जनावरांपर्यंत साधी नोंदणी, त्यावर १५० पर्यंत राज्याचा परवाना. पिशवीवर नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, पॅक केल्याची आणि वापराची शेवटची तारीख, बॅच, पूर्ण पत्ता आणि मांसाहाराची खूण. ही खूण आता तपकिरी चौकोनात भरीव त्रिकोण अशी असते, जुना गोल नाही. छापखाने अजून गोल छापून देतात, तेव्हा नमुना तपासून मगच छापा.

"कोकणचा बोकड" म्हणजे कोण

हा प्रश्न आधी सुटला नाही तर दुसरी वाटही फसते. घाटावरच्या बाजारातून चार महिन्यांचा उस्मानाबादी जातीचा बोकड आणला, दोन महिने कातळावर चारला आणि विकला. हा कोकणचा का? युरोपाच्या व्याख्येने सुद्धा नाही. आमच्या मते इथे जन्मलेला आणि इथेच वाढलेला एवढाच धरावा. कोकण कन्याळ जातीचाच असावा असा हट्ट मात्र सुरुवातीला नको. काळं अंग, नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे, लांब कानांना पांढरी कड, ही कन्याळची ओळख सोपी आहे आणि निळेलीच्या संशोधन केंद्रातून जातिवंत नर मिळवता येतात. पण सगळ्यांचे कळप शुद्ध होईपर्यंत थांबलं तर काही वर्षं निघून जातील.

अनेकांचा एक गैरसमज आहे. कन्याळ ही नोंदणीकृत जात आहे, पण जातीची नोंद म्हणजे भौगोलिक मानांकन नव्हे. जातीच्या नोंदीने बाजारात नाव वापरायचा हक्क कोणालाच मिळत नाही. मानांकन १९९९ च्या कायद्याखाली चेन्नईच्या कार्यालयातून मिळतं. मांसाला ते मिळू शकतं, याचं उदाहरण झाबुआचा कडकनाथ: २०१८ मध्ये त्याच्या मांसाला मानांकन मिळालं. पण अर्ज २०१२ चा होता. आणि मानांकनानंतरही हापूसचं काय होतं ते पाहा. दर मोसमात परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातोच, कारण पेटी कोणीही भरू शकतो.

म्हणून पुरावा बोकडाच्या कानात हवा. १२ अंकी बिल्ला पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळतो, आणि राज्यात १ जून २०२४ पासून खरेदी-विक्रीला तो लागतोच. कागदाचं निम्मं काम तिथेच झालं. बिल्ला कानाच्या मधल्या भागात, दोन शिरांच्या मध्ये मारा. टोकाकडे मारला तर करवंदीच्या जाळीत अडकून कान फाटतो आणि नंबरही जातो. मारायची वेळ थंडीची किंवा फेब्रुवारी-मार्च. जुलैत मारलेली जखम ओली राहते, माशी बसते, आसाडी (किडे) पडतात. वहीत बिल्ल्याचा नंबर, आईचा नंबर, जन्मतारीख आणि विक्री एवढे चार रकाने पुरेत.

तिसरी वाट कधी धरावी

पंचवीस शेळ्यांपासून वर्षाला साधारण ५० करडं, मरतूक वजा जाता विकायला २२ ते २५ बोकड. म्हणजे पंधरवड्याला एक. लेबलच्या मटणाचं गिऱ्हाईक टिकवायला आठवड्याला निदान चार बोकड लागतात, म्हणजे आठ-नऊ कळप एकत्र हवेत. त्यांची करडं सगळी एकाच वेळी येऊन चालणार नाही, नर सोडायचे महिने वाटून घ्यावे लागतील. तपासणीची सोय असलेला कत्तलखाना दोन तासांच्या आत हवा. आणि श्रावणाच्या महिन्यात खप थंडावतो, तेव्हाचा खर्च सोसण्याइतकी शिल्लक गटाकडे हवी. हे सगळं असेल तर वर सांगितलेल्या १,२२५ रुपयांना अर्थ आहे.

बकरी ईदचे बोकड मात्र या सगळ्यातून बाजूला काढा. तिथे गिऱ्हाईक दात, शिंगं, कान आणि रंग पाहून अखंड, जिवंत जनावर घेतं, आणि लेबलच्या कुठल्याही मटणापेक्षा जास्त देतं. त्यांचे दात आणि बांधा चार महिने आधी पाहून ते वेगळे बांधा.