परसाला जाळीचं कंपाउंड, घरच्या घरी बसवलं
गावाकडच्या घराला तालुक्याच्या दुकानातून 5 फुटी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेची) चेनलिंक जाळी नि खांबांसाठी लोखंडी अँगल आणले आणि मी नि भावाने दोन रविवारात बसवून टाकलं. जाळी 10 गेजचीच घ्या, 12 ची तार बारीक असते, म्हैस टेकली की जाळी पोट काढते. खड्डे दीड फूट, पहारीने, मुरूम लागला तिथे हात सोलवटले पण अँगल ओळंब्यात धरून खडी-सिमेंट ठासलं, सात दिवस पाणी मारलं आणि मगच जाळी ताणली. कोपऱ्याला तिरपा टेकू हवाच हां, आमचा एक अँगल ताणाने आत झुकला, परत खणावा लागला. दुकानदाराने बांधायला साधी काळी तार दिली, पहिल्याच पावसात गंजली, ते नाही आवडलं. बाकी माल एक नंबर, आईची मेथी आता शेळ्यांपासून वाचतेय.