‘पॅटरसन’: तेवीस नंबरच्या बसचा ड्रायव्हर

ज्यांना माणसं न्याहाळायला आवडतात त्यांनी जिम जारमुशचा ‘पॅटरसन’ (2016) बघायलाच हवा. ज्यांच्या घरात कुणी बस, लोकल किंवा टॅक्सी चालवलीय त्यांनी तर सगळ्यात आधी. भाड्याने मिळाला तर भाड्याने घ्या, डिस्क मिळाली तर डिस्क घ्या, पण गाडीतल्या गर्दीत मोबाइलवर तुकड्या-तुकड्याने बघू नका. जेमतेम दोन तासांचा सिनेमा आहे, तेवढा वेळ त्याला द्या.

न्यू जर्सीतल्या पॅटरसन शहरात पॅटरसन नावाचाच माणूस 23 नंबरची बस चालवतो आणि वहीत कविता लिहितो. सोमवारी सुरू झालेली गोष्ट पुढच्या सोमवारी संपते. तो उठतो, डबा घेऊन चालत डेपोला जातो, गाडी काढतो, संध्याकाळी घरासमोरची वाकडी झालेली टपालपेटी सरळ करतो, रात्री कुत्र्याला फिरवता फिरवता बारमध्ये एक बिअर घेतो. दिवस तोच, पण प्रत्येक दिवशी काहीतरी किंचित हलतं, आणि बुधवारपर्यंत आपणही त्याच्यासारखं बारीक बघायला लागतो. ही टपालपेटी रोज वाकडी कोण करतं, याचं उत्तर मिळतं तेव्हा आमच्या घरात टाळ्या पडल्या.

मी हा सिनेमा बाबांबरोबर पाहिला. बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, धारावी डेपोला. संवाद कमी असल्यामुळे सबटायटल्स मी सहज वाचून सांगू शकले. पहिल्या दहा मिनिटांतच ते म्हणाले, “हा खोटा चालवत नाहीये. वळायच्या आधी आरशात बघतोय बघ.” ते बरोबर होतं. अ‍ॅडम ड्रायव्हरने शूटिंगच्या आधी बस चालवायला रीतसर शिकून परवाना काढला होता. चेहऱ्यावर फारसं काही न दाखवता, मागच्या सीटवरच्या गप्पा ऐकताना नुसत्या ओठांच्या कोपऱ्यातून हसणं हे काम सोपं नाही, आणि ते त्याने अप्रतिम केलंय.

सकाळी गाडी सुटायच्या आधी तो स्टिअरिंगवर वही टेकवून लिहीत बसतो. तेवढ्यात डॉनी येतो. बाबांनी त्याला लगेच ‘स्टार्टर’, म्हणजे डेपोतून वेळेवर गाड्या सोडणारा, करून टाकलं. “कसं काय?” विचारलं की डॉनी सगळी रडगाणी सांगतो: गाडीचं काम, घराचे हप्ते, त्यात इंडियातून काकाचा फोन, पुतणीच्या लग्नाला पैसे हवेत म्हणून. बाबा इतके हसले की मला सिनेमा थांबवावा लागला.

त्यांना सगळ्यात पटला तो शुक्रवारचा प्रसंग. गाडी विजेच्या बिघाडाने बंद पडते. पॅटरसन आवाज न चढवता एकेकाला खाली उतरवतो, म्हाताऱ्यांकडे लक्ष देतो, स्वतःकडे मोबाइल नसल्यामुळे एका मुलीचा मागून डेपोला कळवतो. बाबा पुढे सरकून बसले होते. “आधी पॅसेंजर, मग गाडी,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या कुणी इथे आग आणि धावपळ घातली असती. जारमुशला या माणसाचा स्वभाव दाखवायचा आहे, आणि तो इथे पुरता दिसतो.

कविता रॉन पॅजेट या अमेरिकन कवीच्या आहेत. पहिली सुरू होते काडेपेटीवरून. पेटीचा रंग, त्यावरच्या अक्षरांचा आकार, काडीचं टोक असं सावकाश वर्णन करत करत ती बायकोवरची प्रेमकविता होते. ओळी लिहिल्या जाताना पडद्यावर उमटतात, खोडून पुन्हा वाचल्या जातात, मागे धबधबा वाहत असतो. याच शहरावर विल्यम कार्लोस विल्यम्सने दीर्घकाव्य लिहिलं, आणि तो व्यवसायाने डॉक्टर होता. सुर्व्यांनी गिरणीत आणि शाळेत शिपाई म्हणून काम करत कविता लिहिली हे माहीत असलेल्या आपल्या लोकांना ड्रायव्हर कवी असण्याचं नवल वाटायला नको. मला मोलाचं वाटतं ते हे की या सिनेमाला त्याची नोकरी सोडवायची घाई नाही. पुस्तक छापून येत नाही, कुणी त्याला ‘शोधून काढत’ नाही. बस चालवणं आणि लिहिणं एकाच माणसात सुखाने नांदतं.

पॅटरसनची बायको लॉरा (गोलशिफ्तेह फराहानी) घरभर काळे-पांढरे ठिपके आणि रेघा रंगवत असते, तीही गोड आहे, पण तिला तिचं स्वतःचं एखादं दुःख द्यायला हवं होतं. बारमधला पिस्तुलाचा प्रसंगही नसता तर चाललं असतं. शनिवारी रात्री काय होतं ते मी सांगणार नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. बाबा म्हणाले पाच दे, ड्रायव्हरवर असा सिनेमा कोण काढतं?

हा आवडला तर अलेक्झांडर पेनचा ‘नेब्रास्का’ (2013) घ्या, कृष्णधवल, ब्रूस डर्नचा हट्टी म्हातारा. आणि डेव्हिड लिंचचा ‘द स्ट्रेट स्टोरी’ (1999), त्यात सत्तरी ओलांडलेला एक माणूस गवत कापायच्या यंत्रावर बसून आजारी भावाला भेटायला आयोवातून विस्कॉन्सिनला जातो. ही घडलेली गोष्ट आहे. बाबांनी पुढच्या रविवारसाठी तोच निवडलाय, ते यंत्र ताशी किती वेगाने जातं हे विचारून झाल्यावर.