मोठं सिलिंडर किट की स्टॉक इंजिन? डर्ट बाइकवाल्यांसाठी टिकाऊपणाचा हिशेब

इंजिन उघडलंय, सिलिंडर घासलेलं आहे, पिस्टन बदलायचाच आहे. मग आता खर्च करतोच आहोत तर स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ मापाऐवजी मोठं किटच (जास्त रुंद सिलिंडर आणि त्याला बसणारा मोठा पिस्टन) का टाकू नये? हा विचार बहुतेकांच्या डोक्यात नेमका याच वेळी येतो. विचार चुकीचा नाही, पण वेळ फसवी आहे. वरचा भाग (सिलिंडर, पिस्टन) नवा करताना खालचा भाग (क्रँक, रॉड, बेअरिंग) किती चालला आहे, हे कोणी विचारतच नाही. किट लावल्यावर जाम होऊन बंद पडलेली जी इंजिनं मी उघडलेली पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत दोष किटचा नव्हता. दमलेल्या कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) नवा, मोठा पिस्टन चढवला होता.

आधी आकडे बघू. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) तोच ठेवून फक्त बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवला तर काय होतं ते असं:

| इंजिन | मूळ बोअर × स्ट्रोक (मिमी) | किटचा बोअर | सीसी | पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ |
|---|---|---|---|---|
| यामाहा वायझेड २५० एफ | ७७ × ५३.६ | ८० | २५० → २६९ | ८ टक्के जास्त |
| तेच इंजिन | ७७ × ५३.६ | ८३ | २५० → २९० | १६ टक्के जास्त |
| यामाहा वायझेड १२५ (टू-स्ट्रोक) | ५४ × ५४.५ | ५८ | १२५ → १४४ | १५ टक्के जास्त |
| होंडा सीआरएफ ५० एफ | ३९ × ४१.४ | ५२ | ४९ → ८८ | ७८ टक्के जास्त |

शेवटचा रकाना महत्त्वाचा. सिलिंडरमधला दाब तेवढाच धरला, तरी रॉडवर आणि क्रँकच्या बेअरिंगवर येणारा धक्का माथ्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ‘बिग बोअर’ हे एकच नाव लावून ८ टक्के आणि ७८ टक्के एका रांगेत बसवणं म्हणजे गुडघाभर पाणी आणि पूर यांना एकच म्हणणं. वरच्या आकड्यांत दाब मात्र तेवढाच धरलाय, आणि प्रत्यक्षात तो तेवढा राहत नाही. मूळ कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) १३.५ असेल आणि हेडमधली जागा तशीच ठेवली, तर २६९ सीसीला ते जवळपास १४.५ वर जातं आणि २९० ला १५.५ च्या आसपास. म्हणून चांगल्या किटच्या पिस्टनचा माथा थोडा खाली उतरवलेला असतो. किट घेताना कॉम्प्रेशन किती, हे सीसीच्या आधी विचारा. साध्या पंपावरच्या पेट्रोलवर चालवणार असाल तर जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन घेऊच नका. ठोके (पेट्रोल वेळेआधी भडकून होणारी टकटक) सुरू झाले की पिस्टनचा माथा वाचत नाही.

आता दुसरी बाजू, जी किटच्या विरोधात बोलणारे सहसा सांगत नाहीत. २५० फोर-स्ट्रोकचा खरा शत्रू आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे, आहे. १३,००० आरपीएमला, वर पोचलेल्या पिस्टनच्या प्रत्येक ग्रॅमामागे रॉडला साधारण सहा किलोंची ओढ सोसावी लागते. पिस्टन १५ ग्रॅमने जड झाला तर ९० किलोंच्या वर जास्तीची ओढ, तीही दर फेऱ्याला. ऐकून छातीत धडकी भरते. पण ही ओढ आरपीएमच्या वर्गाने बदलते. तुम्ही त्याच ट्रॅकवर १३,००० ऐवजी ११,५०० ला गिअर बदललात, तर ती २२ टक्क्यांनी उतरते. ८ टक्के जड पिस्टन धरूनही हिशेब स्टॉकपेक्षा कमीच येतो. २७० चं (८० मिमी, २६९ सीसी) किट लावून टॉर्कवर, म्हणजे कमी आरपीएमच्या ओढीवर, गाडी चालवणाऱ्याचं इंजिन, लिमिटरला (आरपीएमची वरची मर्यादा) टेकवून स्टॉक २५० पिळणाऱ्यापेक्षा जास्त जगू शकतं ते याचमुळे. किट लावूनही लिमिटरवरच लोंबकळायची सवय असेल तर मात्र दोन्हीकडून मार बसतो. प्रामाणिकपणे स्वतःलाच विचारा, आपण कोणत्या जातीचे रायडर आहोत.

८० आणि ८३ मिमीमध्ये माझं मत स्पष्ट आहे: ८०. तीन मिमीपर्यंत बोल्टांच्या आणि पाण्याच्या वाटांच्या मध्ये हेड गॅस्केटला (सिलिंडर आणि हेडमधली सील) बसायला बऱ्यापैकी जागा उरते. त्यापुढे ती पट्टी अरुंद होत जाते आणि गॅस्केट उडण्याची शक्यता वाढते. सिलिंडरची भिंत पातळ झाली की गरम झाल्यावर ती गोल राहत नाही, रिंग नीट टेकत नाही, ऑइल वर जातं. काही मोठ्या किटना क्रँककेसचं (क्रँक ज्या पेटीत बसतो ती) तोंडही कापून मोठं करावं लागतं. म्हणजे पूर्ण इंजिन फोडणं आलं, आणि कापलेली केस पुन्हा मूळ रूपात येत नाही. परतीची वाट मोकळी ठेवायची असेल तर केस न कापता बसणारं किटच बघा.

किट कशा प्रकारचं आहे, हेही आलंच. आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर दिलेलं नवं ॲल्युमिनियम सिलिंडर, किंवा मूळ सिलिंडर मोठं करून त्यावर पुन्हा तोच थर चढवलेला, हे दोन्ही उष्णता पटकन बाहेर टाकतात. जुन्या सिलिंडरमध्ये ओतीव लोखंडाची स्लीव्ह ठोकून केलेलं काम स्वस्तात पडतं, पुढे पुन्हा बोअर मारता येतो, पण उष्णता तितक्या सहज जात नाही. एअर-कूल्ड गाडीत आणि दगड-चिखलात सावकाश चढणाऱ्या एंड्युरोत (लांब, खडतर वाटांची राइड) हा फरक जाणवतोच.

टू-स्ट्रोकचं गणित थोडं निराळं. केटीएमने १५० एसएक्स मध्ये ५८ × ५४.५ हेच माप कंपनीतूनच दिलं आहे. त्यामुळे १२५ चं १४४ करणं हे मुळात वेडं धाडस नाही. फरक असा, की कंपनीने हेड, पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) आणि पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्ट पोर्टची उंची बदलणारी झडप) त्या मापाला जुळवलेले असतात, किटवाल्याला ते स्वतः जुळवावे लागतात. पॉवर व्हॉल्व्हची पाकळी पिस्टनला घासत तर नाही ना, पोर्टच्या कडा मोडून गुळगुळीत केल्यात ना, हे बोट फिरवून बघायचं. स्क्विश (वर पोचलेला पिस्टन आणि हेड यांच्या कडेची फट) मोजायला सोल्डरची तार प्लगच्या भोकातून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घालायची, हाताने क्रँक फिरवायचा आणि चेपलेलं टोक मायक्रोमीटरखाली धरायचं. पाच मिनिटांचं काम. ते टाळणाऱ्यांना पुढे पाच दिवस लागतात.

छोट्या पिट बाइकचं ८८ सीसी किट वेगळ्याच वर्गात जातं. मजा भरपूर, पण क्लच, ऑइल पंप आणि बेअरिंग हे ४९ सीसीच्या लहान मुलाच्या गाडीसाठी बनवलेले आहेत. मोठा माणूस वर बसणार असेल तर आधी क्लच सरकेल, मग बाकीचं. तिथे किटच्या किमतीत क्लचची आणि जास्त ऑइल देणाऱ्या पंपाची किंमत धरूनच चला.

बसवताना एकच गोष्ट सांगायची झाली तर ती रिंगच्या (पिस्टनभोवतीची सील करणारी कडी) दोन टोकांमधल्या फटीची. माझं पहिलं किट मी ‘कंपनीने मोजूनच पाठवलं असणार’ म्हणत तसंच बसवलं. तिसऱ्या राइडला गाडी चढावर जड झाली आणि बंद पडली. उघडल्यावर रिंगची दोन्ही टोकं एकमेकांना भिडून चकाकत होती, सिलिंडरवर उभा ओरखडा. गरम झालेल्या रिंगला फुगायला जागाच नव्हती. तेव्हापासून रिंग सिलिंडरमध्ये टाकतो, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करतो आणि फीलर गेज घालतो. अंदाजाला दर २५ मिमी बोअरमागे ०.१ मिमी, म्हणजे ८० मिमीला ०.३ च्या थोडं वर. किटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) पिस्टनला ढिलाई जास्त द्यावी लागते, म्हणून थंड इंजिन थोडं खडखडतं. घाबरू नका, पण गरम व्हायच्या आत थ्रॉटल पिळूही नका. कार्बुरेटर असेल तर जेट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारं छिद्र) पुन्हा लावा, फ्युएल इंजेक्शन असेल तर मॅप (पेट्रोलच्या मात्रेची सेटिंग). मिक्स्चर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, राहिलं तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

मग ४५० घ्यावी का? फक्त ताकद हवी असेल तर हो. तिचा क्रँक, रॉड, बेअरिंग, रेडिएटर त्या भाराच्या मापाचेच असतात, २९० च्या किटखाली मात्र २५० चंच पोट राहतं. पण ४५० चा दणका हातांना लवकर थकवतो, आणि अरुंद वाटेवर २७० जितकी हसत वळते तितकी ती वळत नाही. स्पर्धेत उतरणार असाल तर प्रश्नच मिटला: मोटोक्रॉसच्या एमएक्स२ गटात फोर-स्ट्रोकची मर्यादा २५० सीसी आहे, तिथे स्टॉक बोअरच चालतो.

मी स्वतः असं ठरवतो. क्रँक किती तास चालला हे माहीत नसेल किंवा रॉड वर-खाली ओढल्यावर जराही खेळ जाणवला, तर आधी खालचं काम, किट नंतर. तेवढे पैसे नसतील तर स्टॉक मापाचा पिस्टन टाकून गाडी चालवायची. खालचा भाग ताजा असेल, रायडर टॉर्कवर चालवणारा असेल, तर ३ मिमीचं किट बिनधास्त. पिस्टनची तपासणी स्टॉकच्याच तासांना, पहिल्या वर्षी त्याहूनही आधी.

आणि किट मागवताना त्याच वेळी एक जादा रिंग सेट आणि दोन हेड गॅस्केट मागवून ठेवा. ही मापं कंपनीच्या पार्ट बुकात नसतात. दोन वर्षांनी किट बनवणाऱ्याने ते मॉडेल बंद केलं तर गाडी गॅस्केटसाठी उभी राहते. बोअरचं माप आणि तारीख तासमीटरच्या शेजारी मार्करने लिहून टाका. पुढे गाडी विकलीत तर घेणारा ७७ चा पिस्टन मागवून डोकं धरून बसणार नाही.