मोठे इंजेक्टर आणले, पण कपलर बसत नाही: सारखाच कपलर, अडॅप्टर की नवा पिगटेल?

टर्बो बसवायचा असेल, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला असेल, तर पेट्रोल गाडीला इंधन जास्त लागणार म्हणून मोठे इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे भाग, मागवले जातात. सगळं लक्ष सीसीच्या (मिनिटाला किती इंधन सोडतो त्या) आकड्यावर असतं. मग जुने इंजेक्टर काढले की कळतं, हार्नेसचा (गाडीच्या वायरिंगचा) कपलर, म्हणजे टोकाचा प्लग, नव्या इंजेक्टरवर बसतच नाही. इथून तीन वाटा फुटतात: आपलाच कपलर बसेल असा इंजेक्टर घ्यायचा, मध्ये अडॅप्टर (जोडतुकडा) लावायचा, किंवा जुना कपलर कापून नवा पिगटेल जोडायचा. कोणती धरायची हे पैसे भरण्याआधीच ठरवलं, तर पुढचा बराच त्रास वाचतो.

पहिली अडचण नावांची. ईव्ही-१, ईव्ही-६, ईव्ही-१४ ही मुळात बॉश कंपनीच्या इंजेक्टर बॉडीची नावं. बाजारात ती कपलरलाही चिकटली आहेत. ईव्ही-१ कपलर म्हणजे जुना जेट्रॉनिक: चौकोनी तोंड आणि तारेची क्लिप. ईव्ही-६ किंवा यूएसकार म्हणजे गोलसर तोंड आणि दाबून सोडवायचा प्लास्टिकचा लॉक. ईव्ही-१४ बॉडी या दोन्ही कपलरांत मिळते, त्यामुळे ‘ईव्ही-१४ आहे’ एवढ्या उत्तरावर ऑर्डर देऊ नका. डेन्सो कंपनीचा कपलर लांबून यूएसकारसारखा वाटतो, पण त्याच्या खाचा वेगळ्या. दाबून बसवायला गेलात तर लॉकच तुटेल. विकणाऱ्याकडून तोंडाचा समोरून काढलेला फोटो मागा आणि आपल्या कपलरशेजारी धरून बघा.

कपलर जुळला तरी एक गोष्ट मल्टिमीटरवर बघायचीच: इम्पिडन्स, म्हणजे इंजेक्टर विजेला करतो तो रोध. हाय इम्पिडन्स इंजेक्टर साधारण १२ ते १६ ओहम दाखवतो, लो इम्पिडन्स २ ते ३. बारा व्होल्टवर पहिला जेमतेम १ अँपियर घेतो, दुसरा ४ ते ६ ओढू शकतो. हायसाठी बनलेल्या ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) लो जोडला तर आतला ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टर चालवणारं सर्किट, जळू शकतो. मध्ये रेझिस्टर घालून चालवता येतं, पण नव्याने घेतच आहात तर हाय इम्पिडन्सच घ्या.

आता वाटा. आपल्या हार्नेसचाच कपलर असलेला इंजेक्टर हव्या त्या आकारात मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे गेले तरी तोच घ्यावा. एकही वायर कापावी लागत नाही. फक्त उंची आणि ओ-रिंगचं माप तपासा.

अडॅप्टर सगळ्यांना आवडतो, कारण अर्ध्या तासात काम होतं आणि गाडी पुन्हा मूळ अवस्थेत आणता येते. पण प्रत्येक इंजेक्टरमागे दोन संपर्क वाढतात. चार सिलिंडरला आठ. शिवाय जुना कपलर तसाच राहतो. वीस वर्षं इंजिनच्या उष्णतेत शेकलेलं प्लास्टिक बोटाने दाबलं तरी तडकतं आणि आतल्या पिनांची पकड सैल झालेली असते. अखंड, सरळ उभा राहणारा अडॅप्टर तर कंपनांत तरफेसारखा हलत राहतो, कधी मॅनिफोल्डलाही टेकतो. घ्यायचाच तर मध्ये छोटी वायर असलेला घ्या.

पिगटेल म्हणजे दोन वायरींसकट नवा कपलर. जुना कापून हा जोडायचा. मेहनत इथे सगळ्यात जास्त, पण पिन नवी, रबरी सील नवं. मात्र सगळं जॉइंटवर अवलंबून असतं. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये वायरी पिळून वर टेप मारून दिल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात ताम्हिणी घाटात गाडी मिसिंग करायला लागली. टेप सोडली तर तांब्याच्या तारा कळकून हिरव्या झालेल्या, हात लावताच दोन तुटून आल्या. तेव्हापासून मी चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने स्लीव्ह दाबतो, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवतो आणि थंड झाल्यावर जोरात ओढून बघतो. नुसतं सोल्डर मारायचं मी टाळतो, कारण ते तारांमध्ये वर चढून वायर ताठ करतं आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे कंपनाने तुटते. वायर ०.५ ते ०.७५ चौरस मिमीची, गाडीसाठीचीच हवी. दोन वायरींचे जॉइंट समोरासमोर येऊ नयेत म्हणून एक जरा आखूड कापा.

साध्या पोर्ट इंजेक्टरमध्ये नुसती कॉइल असते, त्यामुळे दोन वायरी उलटसुलट झाल्या तरी चालतं. सिलिंडर मात्र बदलता कामा नये. बहुतेक गाड्यांत बारा व्होल्टची वायर चारही इंजेक्टरांना एकाच रंगाची असते, ईसीयूकडे जाणारी प्रत्येकाची वेगळी. कापण्याआधी तिच्यावर १, २, ३, ४ असे कागद चिकटवा. डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांना आणि डिझेलला यातलं काहीच लागू नाही. तिथे इंजेक्टरला कितीतरी जास्त व्होल्टेज जातं, हात लावू नका.

गाडी अजून ट्यूनिंगच्या टप्प्यात असेल, इंजेक्टर पुन्हा बदलण्याची शक्यता असेल, तर वायरवाला अडॅप्टर पुरेसा आहे. रोज चालवायची गाडी असेल आणि सारखा कपलर मिळत नसेल, तर मी पिगटेलच सांगेन. काम झालं की नव्या इंजेक्टरप्रमाणे ट्यून केलेल्या मॅपवर (ईसीयूतल्या इंधनाच्या सेटिंगवर) गाडी आयडलला ठेवा आणि एकेक कपलर हलकेच हलवून बघा. आवाज जिथे बदलेल, तो जॉइंट त्याच दिवशी पुन्हा करा.