मायक्रोटिक हेक्स एस: सोसायटी, शाळा, दवाखान्याच्या नेटवर्कसाठी

काउंटरचे कंप्युटर, कॅमेरे, बायोमेट्रिक हजेरी आणि ग्राहकांचं वाय-फाय, सगळं १९२.१६८.१.० या एकाच सबनेटमध्ये (आयपी पत्त्यांच्या एकाच गटात) कोंबलेलं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या छोट्या ऑफिसांत हे नेहमी दिसतं. पैशाचे व्यवहार होतात तिथं हे धोक्याचं आहे. वीस-चाळीस कंप्युटरच्या संस्थेला यातून बाहेर पडायचं असेल, तर मायक्रोटिकचा हेक्स एस (मॉडेल आरबी ७६० आयजीएस) हा राउटर पुरेसा आहे. पाच गिगाबिट पोर्ट, एक एसएफपी (फायबर जोडायची खाच), २५६ एमबी रॅम. सोबत व्हीलॅन (त्याच तारांवर केलेली वेगवेगळी नेटवर्कं) आणि त्यांच्या खुणांचं, म्हणजे टॅगचं, मानक ८०२.१क्यू समजणारा मॅनेज्ड स्विच मात्र हवाच. साध्या स्विचवर लावलेली सगळी उपकरणं एकाच व्हीलॅनमध्ये जातात.

आधी कागदावर आयपी पत्त्यांचे आकडे मांडा. पत्त्यातला दुसरा आकडा शाखेचा, तिसरा व्हीलॅनचा ठेवला की लक्षात ठेवायला काही उरत नाही. मुख्य ऑफिस १०.२०, खानापूर १०.२१, निपाणी १०.२२. व्हीलॅन १० ऑफिसचा, २० कॅमेऱ्यांचा, ३० हजेरी यंत्रांचा, ४० पाहुण्यांचा, ९९ स्विच-राउटर सांभाळायचा. म्हणजे निपाणीचे कॅमेरे १०.२२.२०.०/२४ मध्ये (तिरक्या रेषेनंतरचा आकडा सबनेट केवढा ते सांगतो). /२४ मध्ये २५४ पत्ते मिळतात, तेवढे ऑफिसला पुष्कळ होतात. पाहुण्यांची गर्दी असेल तर १०.२०.४०.०/२३ घ्या, ५१० पत्ते होतात. मग ४१ हा आकडाही यातच जातो, तो दुसऱ्या कुठल्या व्हीलॅनला देऊ नका. पाहुण्यांना डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) लीज, म्हणजे पत्त्याची मुदत, तासाभराचीच ठेवा. १९२.१६८.१.० मुद्दाम टाळा. घरच्या राउटरवरही बऱ्याचदा तेच असतं आणि मग घरून व्हीपीएन (ऑफिसशी इंटरनेटवरून खासगी जोडणी) जोडला तरी सर्व्हर सापडत नाही.

आता सेटिंग. राउटर येतो १९२.१६८.८८.१ वर. ब्रिजमध्ये (राउटरचे पोर्ट एकत्र जोडणारा आतला स्विच) पोर्टांना पीव्हीआयडी (टॅग नसलेली पाकिटं कुठल्या व्हीलॅनची ते सांगणारा आकडा) द्यायचा, ब्रिजच्या व्हीलॅन तक्त्यात कुठला पोर्ट टॅग्ड, कुठला अनटॅग्ड ते भरायचं, ब्रिजवर व्हीलॅन इंटरफेस काढून त्यांना आयपी आणि डीएचसीपी द्यायचं, आणि व्हीलॅन फिल्टरिंग सगळ्यात शेवटी चालू करायचं. हा क्रम मोडू नका. तक्त्यात टॅग्ड खाली पोर्टांबरोबर खुद्द ब्रिजचंही नाव लागतं. ते राहिलं तर त्या व्हीलॅनची पाकिटं राउटरच्या प्रोसेसरपर्यंत पोचतच नाहीत आणि फिल्टरिंग लावल्याक्षणी तुम्ही बाहेर फेकले जाता. म्हणून ईथर ४ (चौथा पोर्ट) ब्रिजबाहेर काढून त्याला वेगळा आयपी द्या, राउटरच्या ‘लॅन’ यादीत (आतले, विश्वासाचे इंटरफेस) टाका, तिथूनच विनबॉक्स (मायक्रोटिकचं सेटिंगचं सॉफ्टवेअर) उघडा आणि सेफ मोड लावूनच काम करा. जोडणी तुटली तर त्या मोडमधले बदल आपोआप मागे फिरतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फायरवॉलमध्ये. फॅक्टरीतून आलेले नियम बाहेरून येणाऱ्याला अडवतात. आतल्या व्हीलॅनना एकमेकांपासून ते अजिबात अडवत नाहीत! सबनेट वेगळे केले तरी राउटर त्यांना जोडूनच देतो, त्याचं कामच ते आहे. फॉरवर्ड साखळीत (राउटरमधून पुढे जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांत) आधी चालू जोडण्यांना परवानगी, मग प्रत्येक व्हीलॅनकडून फक्त इंटरनेटला, मग ऑफिसकडून एनव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राला), हजेरीच्या सर्व्हरकडून यंत्राला (ही यंत्रं बहुधा ४३७० पोर्ट वापरतात), आणि शेवटी उरलेलं सरसकट ड्रॉप, म्हणजे बंद. मगच वाटणी खरी.

दुसरी हमखास अडचण: पाहुण्याच्या मोबाइलला आयपी मिळतो, ८.८.८.८ ला पिंगही जातो, पण एकही साइट उघडत नाही. कारण इनपुट साखळी (खुद्द राउटरकडे येणाऱ्या पाकिटांचे नियम) ‘लॅन’ यादीत नसलेल्या इंटरफेसला अडवते, त्यामुळे राउटरकडे डीएनएसची (साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याची) विचारणा पोचत नाही. यावर व्हीलॅन ४० थेट लॅन यादीत टाकून मोकळं होणारे बरेच आहेत. तसं करू नका, मग पाहुण्यालाही विनबॉक्सचा ८२९१ पोर्ट दिसतो. ४० साठी फक्त ५३ पोर्ट, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, उघडा. पाहुण्यांचा वेग क्यूनं (वेगमर्यादेच्या नियमानं) बांधला तरी बांधला जात नसेल, तर फास्टट्रॅक नियमातून (चालू जोडण्या क्यू टाळून झटपट पुढे सोडणारा नियम) त्यांचा सबनेट वगळा.

एनव्हीआर कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये ठेवा. सोळा कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तर ६४ एमबीपीएस चोवीस तास. ते स्विचवरच राहावेत, राउटरमधून फिरवू नयेत.

शाखा जोडायला राउटरओएस (राउटरमधली मायक्रोटिकची प्रणाली) आवृत्ती ७ मधलं वायरगार्ड हे व्हीपीएन चांगलं आहे. मुख्य ऑफिसला स्टॅटिक पब्लिक आयपी घ्या, शाखेकडून २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) लावा. वरची आकड्यांची मांडणी पाळली असेल तर निपाणीसाठी १०.२२.०.०/१६ (१०.२२ ने सुरू होणारे सगळे पत्ते) ही एकच नोंद पुरते. पण ती वायरगार्डच्या अलाउड अ‍ॅड्रेसमध्ये (पलीकडचे चालणारे पत्ते) भरली तरी रूट, म्हणजे त्या पत्त्यांकडे जायची वाट, वेगळा टाकावाच लागतो, तो आपोआप येत नाही.

या डब्यात वाय-फाय नाही. प्रत्येक एसएसआयडीला (वाय-फायच्या नावाला) वेगळा व्हीलॅन देणारा अ‍ॅक्सेस पॉइंट निराळा घ्यावा लागतो. पाचव्या पोर्टचा पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) पॅसिव्ह आहे, आत आलेला व्होल्टेजच पुढे जातो, त्यामुळे ८०२.३एएफ (पीओईचं मानक) मागणारे अ‍ॅक्सेस पॉइंट त्यावर धरू नका. साठवण फक्त १६ एमबी, जादा पॅकेजं भरली तर अपडेटला जागा उरत नाही. एसएफपी मात्र खानापूर तालुक्यासाठी खास उपयोगाचा. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल उघड्यावरून नेली तर वळवाच्या विजांत दोन्हीकडचे पोर्ट जाऊ शकतात. तिथं फायबर टाका, तांब्याच्या केबलची १०० मीटरची मर्यादाही सुटते. पॅनेलवरच्या चिठ्ठ्या मराठी आणि कन्नड दोन्हीत लावा, दुरुस्तीला येणारा माणूस कुठली वाचेल हे ठरलेलं नसतं.