रेडियमवाल्यानं बनवलेली माशांची फोटो-टाकी: आठ महिने वापरल्यावर

आमच्या परभणी-जिंतूर भागात फ्लायनं, म्हणजे गळाला पिसं-दोरे बांधून केलेल्या खोट्या किड्यानं, मासे धरणारा माणूस म्हणजे फुकटची सर्कस. येलदरीच्या खाली पूर्णेच्या काठावर मी नऊ फुटी रॉड डोक्यावरून पुढंमागं हलवायला लागलो की म्हशी राखणारी पोरं ओळीनं येऊन बसतात. "मामा, नुसती दोरीच फेकायलात, गळ कवा टाकणार?" त्याची सवय झाली. सवय होत नव्हती ती माझ्याच फोटोंची.

दोन वर्षांचे सगळे फोटो एकसारखे आहेत. माझा हात, हातात मासा आणि माशाच्या अंगावर पांढरा चट्टा. मासा पाण्याबाहेर आला की बुळबुळीत ओल्या थरावर ऊन चमकतं. त्याखाली चमकीच्या पेशींत ग्वानिनचे बारीक स्फटिक असतात, ते आरशाचं काम करतात. फ्लॅश मारला तर मासा जर्मनच्या पातेल्यासारखा दिसतो. शिवाय बाहेर काढल्याबरोबर पर (माशाचे पोहायचे पंख) मिटतात, आणि रंग तर परांच्या कडांना असतो. विणीच्या दिवसांतला नर चिलापी (तिलापिया) बघा: अंग काळंभोर, हनुवटी-गळा पांढरा, पाठीवरच्या पराला आणि शेपटीला लाल काठ. पैठणीच म्हणा. हातात धरला की काळा गोळा.

म्हणून पाण्यातच फोटो काढायचा ठरवलं. ऑनलाइन टाकी पाहिली, दोन हजारांच्या पुढं. मत्स्यालयाच्या दुकानातली काचेची पेटी स्वस्त होती, पण साध्या काचेत हिरवट झाक असते आणि ती थेट माशाच्या पोटावर उतरते. शेवटी बसस्टँडमागच्या एका रेडियमवाल्याकडं गेलो. नेमप्लेटा, दुकानांच्या पाट्या, स्टिकर अशी कामं करणारा पोरगा. मी वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढून दिली: 12 इंच लांब, 8 इंच उंच, 3 इंच रुंद, 4 मिमीचं पारदर्शक ॲक्रिलिक. त्यानं शांतपणे विचारलं, "नाव कोणतं टाकायचं?" मासा ठेवायचाय म्हटल्यावर तो हसला नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवतो.

साडेसहाशे रुपये. "उद्या या" म्हणाला तो उद्या अकराव्या दिवशी उगवला. जोड सिलिकॉननं केले होते. सिलिकॉन काचेला धरतं, ॲक्रिलिकला नीट धरत नाही. पहिल्याच दिवशी नदीवर तळाचा जोड सुटला आणि पाणी माझ्या मांडीवर. परत नेली तर पैसे न घेता सगळे जोड क्लोरोफॉर्मनं करून दिले, त्यानं ॲक्रिलिकच्या कडा विरघळून एकमेकींत चिकटतात. तेव्हापासून थेंब गळलेला नाही.

या टाकीतली खरी कमाल म्हणजे आतली सुटी फळी, आणि ती त्यानं भंगारातल्या तुकड्यातून फुकट कापून दिली. मासा आत सोडायचा आणि फळी मागून हळूच पुढं आणायची. मासा समोरच्या भिंतीजवळ आडवा राहतो, वळत नाही, आणि थोड्या वेळात पर उघडतो. तो क्षण पकडायचा. फळीला मागून करडा पुठ्ठा लावतो. काळ्या पुठ्ठ्यावर मोबाइल उजेड वाढवतो आणि मासा पांढराफटक येतो. पांढऱ्यावर उलटा त्रास, शिवाय चिलापी काही मिनिटांत स्वतःच फिका पडायला लागतो, कारण त्याच्या कातडीतल्या काळ्या पेशींमधले कण मध्यभागी गोळा होतात. म्हणून पहिले चार-पाच फोटोच खरे. नंतरचा मासा टाकीच्या रंगाचा असतो, नदीचा नाही.

मोबाइलवर क्लिपचा पोलरायझर, म्हणजे चमक कापणारी फिरती काच, लावतो. समोरून सरळ धरला तर त्याचा फारसा उपयोग नाही. थोडं तिरकं उभं राहून फिरवला की ॲक्रिलिकवरची चमक जाते, पण खवल्यांची चांदी पूर्ण जात नाही, आणि जाऊही नये. त्यापेक्षा मोठा फरक पडला तो बाभळीच्या सावलीनं आणि गडद शर्टानं. माझा पांढरा सदरा महिनाभर प्रत्येक माशाच्या पोटात दिसत होता.

पाणी नदीचंच, पण जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळलेलं. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा गढूळपणा फडक्यालाही दाद देत नाही, तेव्हा टाकी घरीच राहते. मे महिन्यातही नेत नाही. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागं सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच, आणि माझ्या टाकीत पाणी जेमतेम साडेतीन लिटर. बाकीच्या दिवसांतही हात ओले करून, बिनकाट्याचा गळ सोडवून, दोन मिनिटांत मासा परत.

आता तक्रारी. कडा घासलेल्या नाहीत, अंगठा दोनदा कापला. ॲक्रिलिकवर ओरखडे फार लवकर पडतात. मी वाळूनं भरलेल्या गमछानं पुसलं, चूक माझीच, पण समोरच्या भिंतीवर आता कायमचा पाऊस पडतोय. आणि झाकण नाही. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते. मी वीतभर लांबीची मरळ आत सोडली, शेपटीच्या बुडाशी फिकट कडं असलेला काळा ठिपका छान दिसत होता, फोकस लागेपर्यंत तिनं वर येऊन एक घोट घेतला आणि सरळ उडी मारून पोरांच्या मधोमध. त्या दिवशी त्यांचे तिकिटाचे पैसे वसूल झाले. मरळ नदीत गेली, फोटोत फक्त शेपटीचं फराटं.

चिलापी आणि अंगावर काळी पट्टी असलेल्या बोटभर मासळीसाठी ही टाकी पुरते. मोठ्या माशासाठी नाही. तुम्ही तुमच्या गावात बनवून घेणार असाल तर तीन गोष्टी आधीच ठणकावून सांगा: जोड क्लोरोफॉर्मचे, कडा घासून, आणि सुटी फळी आतल्या मापापेक्षा दोन मिमी कमी, नाहीतर ओली झाल्यावर अडकते आणि काढताना मासा दचकतो.