टर्बो बदलायच्या आधी: ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, आठ महिने वापरल्यानंतर

जुलैतली गोष्ट. घरच्यांना घेऊन पन्हाळ्याला निघालो होतो. वाघबीळ ओलांडून चढ लागला आणि तिसऱ्या गिअरला गाडी ओढेना. रेस दाबली की बॉनेटखालून फुस्सऽ असा हवेचा आवाज यायचा आणि आरशात काळा धूर दिसायचा. थोडं पुढे गेल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागला, त्यानंतर आरपीएमचा काटा ३,००० च्या वर जाईना. बाजूला घेऊन बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली तर बरी वाटली. पुढच्या चढाला पुन्हा तेच.

गाडी २०१४ ची, १.३ लिटर डिझेल, १,१८,००० किलोमीटर झालेली. दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका गॅरेजला दाखवली. त्यांनी टर्बोकडून (इंजिनमध्ये जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडून) येणारा पाईप काढला, आत बोट फिरवून तेल दाखवलं आणि म्हणाले, टर्बो तेल मारतोय, नवीन बसवावा लागेल. अंदाज ४२,००० रुपये. डोळ्यांसमोर तेल दिसत होतं, त्यामुळे मलाही पटलं होतं. पण एवढे पैसे लगेच काढणं शक्य नव्हतं, म्हणून विचार करायला चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारा ९०० रुपयांचा हा ओबीडी स्कॅनर मागवला.

काडेपेटीएवढी वस्तू. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात खोचायची आणि मोबाईलला ब्लूटूथने जोडायची. अॅपवर पहिल्यांदा कोड आला पी०२९९. म्हणजे टर्बोचा दाब इंजिनला हवा तेवढा मिळत नाही. बस, एवढंच. दाब का मिळत नाही, हे तो कोड सांगत नाही. टर्बो खराब असला तरी हाच कोड येतो, पाईप फाटला, क्लॅम्प ढिला झाला, टर्बोचा दाब कमीजास्त करणाऱ्या अॅक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी तडकली किंवा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी हाच येऊ शकतो. कोड बघून टर्बो बदलणाऱ्यांचे पैसे इथेच जातात.

स्कॅनरचा खरा उपयोग मला आकड्यांनी झाला. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली की मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा जाते त्या नळकांड्याचा) दाब बाहेरच्या हवेएवढा दिसायला हवा. समुद्रकाठी तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणून इथे ९५. माझ्याकडे बरोबर ९५ दिसला, म्हणजे सेन्सरवर शंका घ्यायचं कारण नव्हतं. मग पहाटे मोकळ्या रस्त्यावर गेलो. बायको शेजारी मोबाईल धरून बसली, मी तिसऱ्या गिअरला १,५०० पासून ३,००० पर्यंत पूर्ण रेस दिली. सगळ्यात जास्त आकडा १२८. इचलकरंजीच्या माझ्या मेहुण्याकडे हेच इंजिन असलेली गाडी आहे. तोच स्कॅनर, तोच गिअर, तशीच रेस, आणि त्याच्या गाडीवर २१०. शेजारी ठेवायला दुसरी गाडी मिळाली तर जरूर ठेवा, नुसत्या एका आकड्यावरून काही कळत नाही.

हे आकडे घेऊन उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मोबाईल बघितला आणि परत दिला. "टर्बो गेला म्हणून कोण म्हटलं? आधी पाईप बघूया की." टर्बोच्या तोंडाचा पाईप काढून त्यांनी शाफ्टचं नट दोन बोटांत धरलं. आडवं किंचित हललं, आतबाहेर मात्र अजिबात नाही. पाती टॉर्चने बघितली, कुठे खोक नाही, बाहेरच्या कवचावर घासल्याची खूण नाही. "ह्यो चांगला हाय." आडवा थोडा खेळ असतोच, कारण शाफ्ट तेलाच्या थरावर फिरतो. गॅरेजवाल्यांनी दाखवलेल्या तेलाचंही त्यांनी सांगितलं: ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) तेलाची वाफ येते, पाईप आतून ओशट असणारच. तळाशी तेल साचलेलं असतं तर गोष्ट वेगळी.

मग त्यांनी लेथवर स्वतः कातून घेतलेला नायलॉनचा गट्टू काढला, त्याला मध्ये ट्यूबचा व्हॉल्व्ह. तो पाईपाच्या तोंडात बसवून कॉम्प्रेसरची हवा बेताने, साधारण १ बार दिली आणि ब्रशने साबणपाणी फिरवलं. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला खालच्या वळणावर, वरून बघून कधीच दिसली नसती अशा जागी, फेसाचे बुडबुडे फुगायला लागले. हवा बंद केली की होज पुन्हा धडधाकट. हाताने दुमडल्यावर चार सेंटीमीटरची चीर उघडली, कडा काळ्या आणि तेलकट. दाब आला की फाकायची, दाब गेला की मिटायची.

नवीन होज आणि दोन क्लॅम्प १,८५०, मजुरी ६००. कोड पुसून त्याच रस्त्यावर त्याच गिअरला चाचणी घेतली: २०८.

त्यानंतरचे महिने साधे गेले. डिसेंबरमध्ये गाडी पुन्हा जड वाटली. पूर्वी झोप उडाली असती, या वेळी आधी दाब बघितला. २०५. टर्बोचा प्रश्नच उरला नाही. डिझेल फिल्टर बदलला आणि गाडी मोकळी झाली.

कमतरता आहेत. साध्या वाचनात दाबाचा आकडा २५५ च्या वर जात नाही, त्यामुळे मोठ्या दाबाच्या इंजिनांना हा अपुरा पडेल. कंपनीने ठरवलेला दाब किती, हे माझ्या अॅपमध्ये दिसत नाही. एबीएस, एअरबॅगचे कोडही वाचता येत नाहीत. आयफोनवर हे मॉडेल चाललं नाही, आयफोन असेल तर वायफायवालं बघून घ्या. जानेवारीत नऊ दिवस स्कॅनर सॉकेटमध्येच राहिला आणि बॅटरी बसली. तेव्हापासून काम झालं की काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवतो.

एक कळकळीने सांगतो, मिस्त्रींना दाखवायच्या आधी कोड पुसू नका. कोड आला त्या क्षणाचा वेग, तापमान, लोड यांची नोंद त्याच्यासोबत पुसली जाते.

आणि निळसर धूर येत असेल, इंजिन ऑइल भराभर कमी होत असेल, सायरनसारखा किंचाळणारा आवाज असेल, तर चाचण्या घेत गाडी फिरवू नका. उभी करा आणि टो करून न्या. टर्बोच्या सीलमधून तेल आत जाऊ लागलं तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

गेल्या रविवारी पुन्हा पन्हाळ्याला गेलो, पाच माणसं आणि सामान. वाघबीळच्या पुढच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये बायकोने आकडा वाचला: २०६.